कंसातली टक्केवारी

लिनक्सवर प्रोग्रॅमचा वेग तपासायचं पर्फ स्टॅट हे साधन चालवलं की पडद्यावर आकड्यांची रांग लागते: सायकल, इन्स्ट्रक्शन, ब्रँच मिस, कॅश मिस. काही ओळींच्या अगदी उजव्या टोकाला कंसात एक टक्केवारी असते, ४२.८७% किंवा अशीच काहीतरी. बहुतेकांची नजर तिथपर्यंत पोचतच नाही, कारण डावीकडचा नऊ-दहा अंकी आकडा शेवटच्या अंकापर्यंत अगदी ठाम दिसतो. खरं तर ती टक्केवारी सांगत असते, की तुमचा प्रोग्रॅम चालू असताना त्यातला ४२.८७ टक्के वेळच हा इव्हेंट, म्हणजे त्या ओळीतली घटना, प्रत्यक्ष मोजला गेला. बाकीच्या वेळात काय झालं असेल याचा अंदाज धरून आकडा वाढवलेला आहे. दहा अंकांतले पहिले दोन खरे निघाले तरी पुष्कळ.

हा लबाडीचा प्रकार नाही. प्रोसेसरमधले मोजणारे काउंटर मोजके आणि मागणारे फार, म्हणून कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, केलेलं ते वाटप आहे. ते कसं होतं हे ठाऊक नसेल, तर परफॉर्मन्स काउंटरच्या आकड्यांवर निर्णय घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुळात हार्डवेअर फार थोडं देतं. इंटेलच्या स्कायलेक पिढीत हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन थ्रेड चालवणं) चालू असेल तर प्रत्येक थ्रेडच्या वाट्याला सर्वसाधारण काउंटर चार येतात. हायपरथ्रेडिंग बंद केलं तर आठ. शिवाय तीन काउंटर नेमून दिलेले: पूर्ण झालेल्या इन्स्ट्रक्शन, कोअरच्या सायकल आणि संदर्भ घड्याळाच्या सायकल. त्यांना दुसरं काम सांगताच येत नाही. आइस लेकपासून सर्वसाधारण आठ झाले आणि नेमलेला चौथा आला. एएमडीच्या झेनमध्ये प्रत्येक थ्रेडला सहा. मोजता येतील असे इव्हेंट मात्र शेकड्यांनी.

प्रत्येक सर्वसाधारण काउंटरमागे रजिस्टरं दोन. एक काय मोजायचं ते ठरवतं, दुसरं मोजतं. समजा इंटेलवर शेवटच्या पातळीच्या कॅशचे मिस मोजायचे आहेत. पहिल्या रजिस्टरात हेक्समध्ये ५३४१२ई लिहायचं. शेवटचे २ई हा इव्हेंटचा क्रमांक, मधले ४१ हा त्याचा उपप्रकार ठरवणारा युमास्क. पुढचा ५३ हा चार बिटांचा मेळ आहे: ४० म्हणजे काउंटर चालू, १० म्हणजे ओव्हरफ्लो झाल्यावर (काउंटर भरून शून्यावर आल्यावर) इंटरप्ट दे, २ म्हणजे कर्नल मोडमध्ये मोज, १ म्हणजे युजर मोडमध्येही मोज. फक्त युजर मोड हवा असेल तर ५३ चं ५१ होतं. हार्डवेअरची बाजू जवळपास एवढीच. कोणता प्रोसेस चालू आहे, तो कुणाचा, मोजणी कुणी मागितली, यातलं सिलिकॉनला काहीही कळत नाही. ते सगळं कर्नलने सांभाळायचं.

लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये आजची व्यवस्था २.६.३१ मध्ये, २००९ साली आली. त्याआधी ओप्रोफाइल होतं, पण ते सबंध यंत्राचं प्रोफायलिंग करायचं. एकेका टास्कपुरती मोजणी हवी असेल तर पर्फसीटीआर किंवा पर्फमॉन२ चे पॅच बाहेरून लावावे लागत. पर्फमॉन२ चा विचार असा, की कोणत्या रजिस्टरात काय लिहायचं ते युजरस्पेसमधल्या लायब्ररीने ठरवावं आणि कर्नलने ते लिहून द्यावं. नव्या रचनेने हे उलटं केलं. युजरने फक्त इव्हेंट मागायचा. कोणता काउंटर द्यायचा, केव्हा काढून घ्यायचा, हे कर्नल बघेल. तेव्हा यावर बरीच वादावादी झाली. मला दुसरी बाजूच पटते, कारण साधं आहे: दोन प्रोसेसनी एकाच वेळी तोच काउंटर मागितला तर त्यांच्यातला निवाडा कोणतीही लायब्ररी करू शकत नाही. दोन्ही प्रोसेसमधल्या लायब्रऱ्यांना एकमेकींचा पत्ताच नसतो.

निवाडा करताना पहिली अडचण येते ती बंधनांची. प्रत्येक इव्हेंट प्रत्येक काउंटरवर चालत नाही. हॅसवेलवर एल१ डेटा कॅशचे प्रलंबित मिस मोजणारा इव्हेंट फक्त काउंटर २ वर चालतो, आणि पूर्ण झालेल्या इन्स्ट्रक्शनचा अचूक वितरण देणारा प्रकार फक्त काउंटर १ वर. आता चार इव्हेंट आले, त्यांतले दोन हे आणि दोन कुठेही चालणारे. आले तसे बसवत गेलो तर कुठेही चालणारे दोघे ० आणि १ अडवतात, आणि काउंटर ३ रिकामा असतानाही बिचाऱ्या बंधनवाल्याला जागा मिळत नाही. म्हणून कर्नल आधी वजन काढतो. एखाद्या इव्हेंटला किती काउंटर चालतात ते त्याचं वजन. कमी वजनाचे आधी बसवायचे, बाकीचे नंतर. दोन इव्हेंटांच्या परवानग्या अर्धवट एकमेकींवर चढत असतील तर एवढ्यानेही भागत नाही. अशा इव्हेंटांवर कोडमध्ये वेगळी खूण असते, आणि त्यांच्यासाठी कर्नल आधीची स्थिती जपून ठेवतो, अडला तर मागे येऊन दुसरी वाट धरतो. हे सगळं इंटरप्ट बंद असताना, कॉन्टेक्स्ट स्विचच्या (एका प्रोसेसवरून दुसऱ्यावर जाण्याच्या) वाटेवर चालतं, त्यामुळे शोध फार लांबवायची सोय नाही.

सगळे बसले नाहीत तर पाळीपाळीने बसवायचे, यालाच मल्टिप्लेक्सिंग म्हणतात. एक टायमर ठरावीक अंतराने वाजतो, रांगेतला पुढचा इव्हेंट मागे जातो, मागचे पुढे सरकतात. हे अंतर मुळात कर्नलच्या घड्याळाच्या एका टिकएवढं असतं. टिक सेकंदाला २५० असतील तर ४ मिलिसेकंद. सिसफसमध्ये (कर्नलच्या सेटिंग फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या जागेत) प्रत्येक पीएमयूखाली, म्हणजे काउंटरांच्या प्रत्येक संचाखाली, हे मिलिसेकंद बदलायची फाइल आहे. प्रत्येक इव्हेंटसोबत कर्नल दोन वेळा जपतो: किती वेळ मागणी चालू होती आणि किती वेळ काउंटर खरोखर हातात होता. मागणी १०० मिलिसेकंद, काउंटर ४० मिलिसेकंद, मोजलेले मिस १२,००,०००. मग पर्फ १२,००,००० ला १०० ने गुणून ४० ने भागतं आणि तुम्हाला ३०,००,००० दाखवतं. कंसात ४०.००%.

या त्रैराशिकात गृहीत आहे ते असं, की न पाहिलेला काळ पाहिलेल्या काळासारखाच होता. दहा मिनिटं एकाच लूपमध्ये फिरणाऱ्या प्रोग्रॅमला हे ठीक लागू पडतं. पण दहा मिलिसेकंदांत आटोपणाऱ्या, सुरुवातीला फाइल वाचून मग हिशेब करणाऱ्या प्रोग्रॅमला हे अजिबात लागू पडत नाही. त्यात दोन-तीनदाच पाळी बदलते, आणि कोणत्या इव्हेंटच्या वाट्याला कोणता टप्पा आला हा नशिबाचा भाग होतो. गुणोत्तरांचे हाल तर आणखी वाईट. इन्स्ट्रक्शन एका खिडकीत मोजल्या आणि कॅश मिस दुसऱ्या, तर दर हजार इन्स्ट्रक्शनमागे मिस हा आकडा दोन वेगळ्या प्रसंगांचा भागाकार होतो.

यावर उपाय गट. पर्फला इव्हेंट महिरपी कंसात दिले की ते सगळे एकत्रच बसतात किंवा एकत्रच उठतात. गुणोत्तर काढायचं असेल तर अंश आणि छेद एकाच गटात असलेच पाहिजेत. हा नियम पाळला की निम्म्या चुका टळतात. मात्र गट हार्डवेअरमध्ये मावायला हवा. मावतच नसेल तर कर्नल उघडतानाच नकार देतो. याहून चमत्कारिक प्रसंग वेगळा. गट उघडतो, तक्रार येत नाही, आणि शेवटी आकड्याच्या जागी मोजलं गेलं नाही एवढंच छापून येतं. कारण उघडताना केलेली तपासणी एका काल्पनिक, पूर्ण रिकाम्या प्रोसेसरवर होते: सगळे काउंटर मोकळे असते तर हा गट मावला असता का? प्रत्यक्षात एनएमआय वॉचडॉगने, म्हणजे गोठलेला प्रोसेसर ओळखणाऱ्या कर्नलच्या पहारेकऱ्याने, सायकल मोजायला एक काउंटर कायमचा अडवलेला असतो, आणि त्याचा इव्हेंट पिन केलेला असल्यामुळे पाळीत तो कधीच उठत नाही. त्याच्या सायकल नेमलेल्या काउंटरवर गेल्या, तर तुमच्या गटातल्या सायकलना सर्वसाधारण काउंटर शोधावा लागतो, आणि चार भरलेले असले की गट कधीच बसत नाही. मोजमापापुरतं कर्नलच्या एनएमआय वॉचडॉग सेटिंगमध्ये शून्य लिहावं आणि काम झालं की पुन्हा एक. पर्फ स्वतःच ही सूचना छापतं, पण लोक तीही वाचत नाहीत.

कंसातली टक्केवारी नेहमी मल्टिप्लेक्सिंगचीच असते असंही नाही. अल्डर लेकपासून एकाच चिपवर दोन जातींचे कोअर आले, आणि लिनक्सने त्यांना दोन वेगळे पीएमयू मानलं. टास्क मोठ्या कोअरवर असेल तेव्हाच मोठ्या कोअरचा इव्हेंट मोजतो, पण मागणीचं घड्याळ दोन्हीकडे चालूच राहतं. म्हणजे प्रोग्रॅम ९९ टक्के वेळ लहान कोअरवर राहिला, तर मोठ्या कोअरच्या ओळीत एक टक्का दिसतो आणि त्या एका टक्क्यावरून फुगवलेला एक गलेलठ्ठ आकडा. तिथे तो आकडा टक्केवारीने गुणून परत खाली आणायचा, म्हणजे प्रत्यक्ष मोजणी हाती येते.

काउंटरची रुंदी हा कंटाळवाणा वाटणारा पण गंमतीचा भाग आहे. आजच्या इंटेल आणि एएमडीवर काउंटर ४८ बिटांचे. ४ गिगाहर्ट्झने सायकल मोजत राहिलं तर साधारण साडेएकोणीस तासांनी तो भरून शून्यावर येतो. युजरला मात्र ६४ बिटांचा, कधीही मागे न जाणारा आकडा हवा असतो. कर्नल मागच्या वेळची कच्ची किंमत लक्षात ठेवतो, नवी वाचतो आणि फरक एकूण बेरजेत मिळवतो. वजाबाकीपूर्वी दोन्ही किमती १६ बिट डावीकडे सरकवायच्या आणि उत्तर १६ बिट उजवीकडे आणायचं. असं केलं की मधे काउंटर एकदा भरून फिरला असला तरी फरक बरोबर येतो. दोनदा फिरला तर मात्र काही कळणार नाही. म्हणून नुसती मोजणी करतानाही कर्नल ओव्हरफ्लोचा इंटरप्ट चालू ठेवतो. जुन्या इंटेल प्रोसेसरवर काउंटरमध्ये एका वेळी खालचे ३२ बिटच लिहिता यायचे आणि वरचे चिन्हानुसार आपोआप भरले जायचे. त्यामुळे कमाल पल्ला ३१ बिटांचा, म्हणजे ४ गिगाहर्ट्झला अर्ध्या सेकंदाच्या जरा वर. पुढे पूर्ण रुंदीने लिहायला वेगळे पत्ते मिळाले.

याच वजाबाकीत एक फट आहे. मागची किंमत वाचली, काउंटर वाचला, आणि या दोन वाचनांच्या मधेच ओव्हरफ्लोचा इंटरप्ट आला तर? त्याचा हँडलर हीच वजाबाकी करून मागची किंमत बदलून जातो, आणि आपण जुन्या किमतीवरून तोच फरक दुसऱ्यांदा मिळवतो. लॉक घेऊन ही फट बुजवता येत नाही, कारण एक्स८६वर हा इंटरप्ट एनएमआय, म्हणजे रोखता न येणारा इंटरप्ट, म्हणून येतो. तो कोणत्याही क्षणी येतो, लॉक हातात असतानाही. हँडलरने तेच लॉक मागितलं की यंत्र गोठलं. म्हणून तिथे तुलना करून अदलाबदल करणारी अणुक्रिया वापरतात: मागची किंमत अजून तीच असेल तरच नवी लिही, नाहीतर सगळं पुन्हा वाच. चार-पाच ओळींचा हा लूप मला त्या सबंध उपव्यवस्थेतला सगळ्यात देखणा तुकडा वाटतो.

सॅम्पलिंगची, म्हणजे ठरावीक मोजणीमागे प्रोग्रॅम कुठे आहे याचा नमुना घेण्याची, सगळी भिस्त या एनएमआयवर असते. दर दहा लाख सायकलमागे एक नमुना हवा असेल तर काउंटरमध्ये उणे दहा लाख भरायचे. तो शून्य ओलांडतो, लोकल एपिक (कोअरचं इंटरप्ट सांभाळणारं हार्डवेअर) इंटरप्ट पाठवतं आणि त्याच क्षणी ती वाट स्वतःच बंद करतं. हँडलर ती पुन्हा उघडायला विसरला तर त्या कोअरवर पुढचा नमुना कधीच येत नाही, आणि चूकही कुठे नोंदली जात नाही. नवा पीएमयू ड्रायव्हर लिहिताना पहिला एकच नमुना येऊन शांतता पसरली, तर आधी हेच बघावं. हँडलरमध्ये झोपायचं नाही, मेमरी मागायची नाही, वाट बघणाऱ्या प्रोसेसला जागंही करायचं नाही. नमुना आधीच राखलेल्या रिंग बफरमध्ये लिहायचा आणि उठवायचं काम आयआरक्यू वर्कच्या (एनएमआय संपल्यावर करायच्या कामांच्या) रांगेत टाकून निघायचं. एएमडीवर आणखी एक कटकट: एका एनएमआयमध्ये दोन काउंटरांचं काम उरकलं, तरी दुसऱ्याचा एनएमआय मागाहून येऊन थडकतो. त्याचा धनी सापडला नाही की कर्नल अज्ञात कारणाचा एनएमआय म्हणून गोंधळल्याची नोंद करतो. म्हणून काम झाल्यावर १०० मिलिसेकंदांची एक मुदत धरली जाते. त्या मुदतीत आलेला बिनकामाचा एनएमआय आपलाच समजून गिळून टाकायचा.

कर्नलच्या लॉगमध्ये केव्हा ना केव्हा सगळ्यांनीच पाहिलेली एक ओळ याच वाटेवरची. पर्फचा इंटरप्ट फार वेळ चालला, २५०१ विरुद्ध २५००, म्हणून कमाल सॅम्पल दर ७९७५० वर आणत आहे. हा ७९७५० कुठून आला? सुरुवातीचा कमाल दर सेकंदाला १,००,००० नमुने, म्हणजे एका नमुन्याला १०,००० नॅनोसेकंद. पर्फने प्रोसेसरचा जास्तीत जास्त २५ टक्के वेळ खावा असं बंधन आहे, म्हणजे एका हँडलरला २,५०० नॅनोसेकंद. सरासरी २,५०१ झाली आणि मर्यादा मोडली. आता कर्नल त्या सरासरीत तिचा चौथा हिस्सा मिळवतो: ३,१२६. सेकंदाला २५० टिक असतील तर एक टिक ४० लाख नॅनोसेकंदांचा, त्याचे २५ टक्के १० लाख. त्याला ३,१२६ ने भागलं की एका टिकमध्ये ३१९ नमुने बसतात, आणि ३१९ गुणिले २५० बरोबर ७९,७५०. पुढची मर्यादा ३,१२६. ती ओलांडली की हाच हिशेब पुन्हा. ती ओळ दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही. मात्र त्यानंतर सेकंदाला ९०,००० चा दर मागितला तर तो मिळणार नाही, आणि ही सेटिंग आपोआप पुन्हा वर चढत नाही, हाताने वाढवावी लागते.

आर्मच्या ६४ बिट यंत्रांवर चित्र वेगळं. तिथे पीएमयूचा इंटरप्ट मुळात साधा इंटरप्ट असतो. कर्नलने इंटरप्ट बंद केलेल्या भागात ओव्हरफ्लो झाला तर नमुना तिथे पडत नाही, इंटरप्ट पुन्हा चालू होतात त्या इन्स्ट्रक्शनवर पडतो. मग प्रोफाइलमध्ये इंटरप्ट पूर्ववत करणारं एक निरुपद्रवी फंक्शन भरमसाट वेळ खाताना दिसतं आणि लोक ते सुधारायला बसतात. खरा खर्च त्याच्या आधीच्या कोडमध्ये असतो. जीआयसी या आर्मच्या इंटरप्ट नियंत्रकाच्या ३ ऱ्या आवृत्तीपासून इंटरप्टांच्या प्राधान्यावर चालणारा नकली एनएमआय बूटच्या वेळी चालू करता येतो, आणि कर्नल ५.१० पासून पर्फ तो वापरतं. किंचित घसरण मात्र एक्स८६वरही आहेच. ओव्हरफ्लो आणि एनएमआय यांच्या मधे प्रोसेसर बराच पुढे गेलेला असतो, आणि दोष जिच्यामुळे मिस झाला त्या लोडऐवजी तिच्यानंतरच्या कुठल्यातरी बेरजेवर येतो. नमुना नेमक्या इन्स्ट्रक्शनवर पडावा म्हणून हार्डवेअरने दिलेल्या सोयी, इंटेलचं पेब्स आणि एएमडीचं आयबीएस, यासाठीच आहेत. इंटेलवर इव्हेंटच्या नावापुढे पीपी लावून पेब्स मागता येतं. इन्स्ट्रक्शनच्या पातळीवर बोट ठेवायचं असेल तर त्याशिवाय काढलेल्या नमुन्यांवर मी विश्वास ठेवणार नाही.

परवानग्यांबद्दल थोडक्यात. कर्नल ४.६ पासून पर्फची पॅरानॉइड सेटिंग (कुणाला किती मोजू द्यायचं ते ठरवणारी) मुळात २ आहे: साध्या युजरला स्वतःच्या प्रोसेसचा युजर मोडचा भागच मोजता येतो. १ केलं की कर्नलचा भागही दिसतो, ० ला सबंध प्रोसेसरची मोजणी, उणे १ ला सगळंच खुलं. ५.८ मध्ये पर्फमॉन नावाची स्वतंत्र क्षमता आली, त्यामुळे प्रोफायलरला रूट करायची गरज उरली नाही. हे बंधन बिनकारण आलेलं नाही. २०१३ मधल्या सीव्हीई-२०१३-२०९४ या सुरक्षा-त्रुटीमध्ये ६४ बिटांचा इव्हेंट क्रमांक एका साध्या चिन्हयुक्त पूर्णांकात घेतला गेला होता. क्रमांक फार मोठा तर नाही ना, हे तपासलं. ऋण आहे का, हे नाही. तोच क्रमांक पुढे अॅरेचा इंडेक्स झाला, आणि कुठलाही युजर रूट होऊ शकला. दुरुस्ती एका शब्दाची होती, प्रकार बदलण्याची.

प्रोग्रॅमला स्वतःच्याच छोट्या तुकड्याची मोजणी करायची असेल तर सिस्टिम कॉलचा खर्च परवडत नाही. अशा वेळी इव्हेंटचं एक पान एममॅप करून (प्रोग्रॅमच्या मेमरीत जोडून) आरडीपीएमसी इन्स्ट्रक्शनने काउंटर थेट वाचता येतो. पानावरचा लॉक क्रमांक वाचायचा, मग इंडेक्स आणि ऑफसेट. इंडेक्समधून एक वजा करून तो काउंटर वाचायचा, पानावर दिलेल्या रुंदीनुसार चिन्ह वाढवून ऑफसेटमध्ये मिळवायचा, आणि शेवटी लॉक क्रमांक बदलला नाही ना हे बघायचं. बदलला तर पहिल्यापासून. इंडेक्स शून्य असेल तर या क्षणी इव्हेंट काउंटरवर बसलेलाच नाही, आणि आरडीपीएमसी करायचंच नाही. नुसता ऑफसेट घ्यायचा. ही तपासणी गाळली की उणे एक क्रमांकाचा काउंटर वाचायचा प्रयत्न होतो आणि प्रोसेस कोसळतो.

व्हर्च्युअल मशीनमध्ये गेलं की या सगळ्याखाली आणखी एक मजला येतो. लिनक्सच्या केव्हीएममध्ये गेस्टने (आतल्या व्हर्च्युअल मशीनने) काउंटरच्या रजिस्टरात लिहिलं की नियंत्रण होस्टकडे (बाहेरच्या खऱ्या यंत्राकडे) येतं, आणि होस्टचा कर्नल गेस्टच्या वतीने स्वतःचा एक पर्फ इव्हेंट उघडतो. होस्टवर कुणी त्याच वेळी काउंटर पिन करून बसलं असेल तर गेस्टचा काउंटर थांबतो. गेस्टच्या कर्नलला हे समजत नाही. त्याच्या दृष्टीने रजिस्टर त्याच्या हातात आहे, दोन्ही घड्याळं सारखी पळत आहेत, आणि म्हणून आकड्याशेजारी कंसच येत नाही. गेस्टमधले आकडे संशयास्पद वाटले तर आधी होस्टवर त्या वेळी काय मोजलं जात होतं ते बघावं. गेस्टच्या आत ते कुठेही नोंदलेलं नसतं.